तिसऱ्या बेसवरचे हात

आमच्या मजल्यावर जिन्याच्या डाव्या हाताला खुणेकाका राहतात. खुणे हे त्यांचं आडनाव नव्हे. पण पोस्टमनसुद्धा त्यांना खुणे म्हणूनच हाक मारतो, आणि काकांनी कधी त्याला दुरुस्त केलेलं नाही. मी त्यांच्याहून वयाने मोठी, तरी सगळ्यांचं ऐकून मीही काकाच म्हणते. ते मला बाई म्हणतात. त्यांची ही गोष्ट सांगायची माझी फार दिवसांची इच्छा. पण "कुठे बोलू नका" असा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, आणि तो एका माणसापायी. तो माणूस गेल्या हिवाळ्यात गेला. परवा काकाच म्हणाले, "आता सांगा, बाई, कुणाला सांगायचं तर. त्याला आता वाईट वाटायचं नाही."

मी उभा जन्म रंगभूमीवर काढला, त्यामुळे हातांचं मोल मी जाणते. नवखा नट ओळखायचा तर त्याचं तोंड बघू नये, हात बघावेत. बिचाऱ्याला ते कुठे ठेवावेत तेच कळत नसतं. आमची नाटक कंपनी बंद पडली आणि मी या घरात राहायला आले, त्या पहिल्याच संध्याकाळी खिडकी उघडली तर शेजारच्या खिडकीतून दोन हात बाहेर आलेले. चेहरा दिसेना, नुसते हात. ते काहीतरी सांगत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा मुद्द्यावर येत होते. रस्त्यापलीकडच्या इमारतीत, बरोबर समोरच्या खिडकीत, दुसरे दोन हात त्यांना उत्तर देत होते. खाली बस, ट्रक, हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या डोक्यावरून दोन माणसं एक अक्षर न उच्चारता निवांत गप्पा मारत होती. मी बघत राहिले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. असा अभिनय मी आमच्या कंपनीतही पाहिला नव्हता.

समोरचा तो काकांचा जोडीदार. दोघांनी तरुणपण कापडगिरणीत, मागांवर घालवलं, समोरासमोरच्या मागांवर. मागखात्यात आवाज एवढा, की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. दोन तर्जन्या जुळवून फटकन दूर केल्या की धागा तुटला. छातीवर तळवा ठेवला की थांब. कोपरावरून बोटं झटकली की पळ, लवकर ये. वरच्या ओठावरून बोट फिरवलं की मुकादम येतोय, सांभाळून. यातली गंमत अशी, की मिशीवाला मुकादम केव्हाच निवृत्त झाला होता आणि नंतरचा चांगला तुळतुळीत दाढी करून येई. पण खूण मिशीचीच राहिली. सुखदुःख, चहाटळकी, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं त्या हातांतून चालायचं. नव्याने लागलेल्या पोरांना ही भाषा शिकवायचं काम या दोघांकडे असे. जेवणाच्या सुट्टीत माग बंद झाले की काका खूण करून दाखवत आणि जोडीदार तिचा अर्थ मोठ्याने सांगे. शाळेत धडा वाचतात ना, तसा.

गिरणी बंद झाली तेव्हा तिने काकांचे कान अर्धे खाल्ले होते आणि जोडीदाराचे पुरते. ज्याला ऐकूच येत नाही त्याला आपला आवाज केवढा निघतो याचा पत्ता नसतो. जोडीदार जिन्यात भेटून "बरं आहे ना, बाई?" म्हणाला, की दोन मजले वरून कुणीतरी "बरं आहे" म्हणून ओ द्यायचं.

काकांना पुढे एका कॉलेजात मैदान राखायचं काम मिळालं. रोलर फिरवणं, गवत कापणं, चुन्याच्या रेघा मारणं. त्या कॉलेजचा बेसबॉलचा संघ होता. मला या खेळातलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. काकांनी जेवणाच्या टेबलावर चार वाट्या मांडून शिकवला. तिरका ठेवलेला चौकोन, चार कोपऱ्यांवर चार बेस. चेंडू टोलवायचा आणि एका बेसवरून दुसऱ्यावर पळत पळत पुन्हा घरी यायचं. कधी कधी टोल्याची वाट न बघता, समोरच्यांची नजर चुकवून पुढचा बेस चोरायचा. कधी पळायचं, कधी थांबायचं, कधी चेंडू नुसता हलकेच ढकलून द्यायचा, हे तिसऱ्या बेसजवळ उभा असलेला माणूस खुणांनी सांगतो. तो एकसारखा टोपीला, कानाला, कोपराला, पट्ट्याला हात लावत असतो. त्यातलं बरंचसं नुसतं फसवं, खरी खूण एकच. कोणती खरी, ते आपल्या संघाला तेवढं ठाऊक.

जुन्या कोचनी एकदा काकांना कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या जोडीदाराशी मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून बोलताना पाहिलं आणि त्यांच्या हातातला चुन्याचा डबा काढून घेतला. म्हणाले, "उद्यापासून तू तिसऱ्या बेसवर." त्या वर्षापासून काका संघाचे झाले. रेघा मारायचं काम सुटलं नाही ते नाहीच. सकाळी रेघा मारायच्या, दुपारी त्याच रेघेशी टोपी घालून उभं राहायचं. गिरणीतली भाषा त्यांनी जशीच्या तशी मैदानावर आणली. मिशी म्हणजे गप्प राहा, काहीतरी शिजतंय. खुणेकाका हे नाव त्या पोरांनी ठेवलं. संघ जिंकायला लागला. कॉलेजच्या कपाटात चषक उभे राहिले आणि त्या कपाटाची काच काकाच पुसत.

आता भाच्याविषयी. काकांची बहीण लवकर गेली आणि तिचा मुलगा, जेमतेम चालायला लागलेला, या घरात आला. काकांना स्वतःचं मूल नव्हतं. मामीने त्याला वाढवला, आणि मामी गेल्यावर काकांनी एकट्याने. ते पोर बोलायच्या आधी हात करायला शिकलं. भूक लागली की मनगटावर मूठ आपटायचं. गिरणीत ती मागावरची सुताची कांडी संपल्याची खूण. खिडकीत उभं राहून समोरच्या जोडीदाराशी भांडायचं. मामाला ते अरे-तुरे करायचं, "मामा, तू आज उशीर केलास" असं कमरेवर हात ठेवून विचारायचं. मोठा झाला, त्याच कॉलेजात गेला, संघात आला, आणि मी सांगतेय त्याच वर्षी कप्तान झाला. ती बातमी काकांनी खिडकीतून सांगितली तेव्हा समोरच्या जोडीदाराने आनंदाच्या भरात तोंडानेच विचारलं, "कप्तान? आपला?" खाली बसथांब्यावरच्या लोकांनी माना वर केल्या.

त्याच वर्षी जुने कोच निवृत्त होऊन नवे आले. माणूस वाईट नव्हता. तरुण, उत्साही, गळ्यात शिट्टी, सारखं पाणी पिणारा. पण त्याला सगळ्या गोष्टींची कारणं हवी असायची, आणि लगेच हवी असायची.

पहिला सामना हरले तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. खेळ म्हटला की एक दिवस असा येतोच. दुसरा हरले तेव्हा काका जेवताना वाट्या इकडच्या तिकडे सरकवत बसले. मग हरतच गेले. आणि हरायची तऱ्हा सगळीकडे तीच. आमचा गडी बेस चोरायला निघावा, तर त्याच्या आधी चेंडू तिथे येऊन बसलेला. आमच्या गड्याने चेंडू हलकेच ढकलावा, तर समोरचे आधीच पुढे सरकून हात पसरून उभे. काका म्हणायचे, "बाई, मी मनात आणतो आणि ते त्यांच्या मैदानावर उमटतं." कोचनी खरी खूण ओळखायची किल्ली बदलली. टोपीनंतरची खरी, मग पट्ट्यानंतरची खरी, मग कानानंतरची. काही उपयोग झाला नाही. प्रेक्षकांतली पोरं टाळ्यांऐवजी जांभया द्यायला लागली. कपड्यांच्या खोलीत एकमेकांचं तोंड न बघता बूट सोडले जाऊ लागले. घरी भाचा मामाशी कमी बोलू लागला. आणि मग आतून कुणीतरी फोडतंय, ही कुजबुज सुरू झाली.

काकांना ती कळली तेव्हा त्यांना आधी संघाची काळजी वाटली. आपल्यातलंच कोण असेल, म्हणून ते एकेका पोराचा चेहरा आठवून बघत. आपल्याकडे कुणी बोट दाखवील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

जोडीदार एकही सामना चुकवत नसे. सगळी कॉलेजं शहरातलीच, त्यामुळे काका त्याला बसने घेऊन जात. शेवटून दुसऱ्या सामन्याच्या दिवशी मात्र काकांना सकाळपासून मैदानावर राहायचं होतं आणि जोडीदाराचे गुडघे धरले होते. त्यांनी मला विचारलं, याला जरा सोबत कराल का. मी खुशीने निघाले. नाही म्हटलं तरी कुठेतरी प्रेक्षक जमलेत म्हटलं की माझे पाय अजून वळतात.

जोडीदार मला घेऊन गेला तो थेट पाहुण्या संघाच्या बाजूला. मी खुणेनेच विचारलं, इथे का? तो म्हणाला, "यंदाच ध्यानात आलं, काकाचं तोंड इथून दिसतं. तिकडून नुसती पाठ." खरंच होतं. तिसरा बेस बरोबर समोर, आणि आपल्या लोकांची गर्दी सगळी पलीकडे. या बाजूला आम्ही दोघं, आणि आमच्या पुढ्यात हाताच्या अंतरावर पाहुण्यांचं बाक. आम्ही पोचतो तोच त्यांच्यातला एक जण उठला, खुर्ची आणली, रुमालाने पुसली, जोडीदाराला बसवलं आणि कागदी पेल्यात चहा आणून दिला. जोडीदार खूश होऊन मला म्हणाला, "पोरं बघा कशी वळणाची आहेत. जाईन तिथे खुर्ची आणि चहा. आपली पोरं मेली ढुंकून बघत नाहीत." हे त्याने माझ्या कानात सांगितलं असं त्याला वाटत होतं.

खेळ सुरू झाला. पलीकडे काका उभे राहिले, आणि त्यांचे हात सुरू झाले. टोपी, कान, पट्टा, खांदा, पुन्हा टोपी. मला त्यात काही उमगेना. शेजारी जोडीदार मात्र पुढे झुकून, चहाचा पेला गुडघ्यावर धरून, प्रसन्न चेहऱ्याने बघत होता. आणि वाचत होता.

"थांब म्हणतोय," तो म्हणाला. "अजून थांब." मग काही वेळाने, "आता ढकल म्हणाला." मग, "पळ. पळायला सांगितलं बघा."

पुढच्या बाकावर एकाने टोपी काढून पुन्हा घातली. मैदानावरच्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. आमचा गडी निघाला, आणि चेंडू त्याच्या आधी तिथे होता.

आमच्या कंपनीत एक प्रॉम्प्टर होता. विंगेत उभं राहून नटाला हळूच वाक्य पुरवायचं हे त्याचं काम, पण गडी इतक्या खणखणीत आवाजात पुरवायचा, की पुढच्या रांगेतले प्रेक्षक नायकाच्या आधी वाक्य म्हणून टाकायचे. इथे अगदी तेच चाललं होतं. किल्ली टोपीची की पट्ट्याची, याच्याशी जोडीदाराला काही कर्तव्य नव्हतं. त्याच्या लेखी फसवे हातवारे म्हणजे नुसती खाज. त्यातून गिरणीतला शब्द आला की तो ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसा त्याला दिसायचा, आणि लगेच तोंडातून बाहेर पडायचा. सबंध हंगामभर, प्रत्येक मैदानावर, तो मायेने, कौतुकाने आपल्या मित्राचं बोलणं मोठ्याने वाचत आला होता. आणि समोरच्यांनी एकमेकांना निरोप देऊन ठेवला होता, म्हाताऱ्याला खुर्ची द्या.

मी त्याच्या हातावर हात ठेवला. ओठांवर बोट ठेवलं. त्याला वाटलं मला थंडी वाजतेय. त्याने गळ्यातला मफलर काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि पुन्हा वाचायला लागला. मी काय करणार? त्याला तिथे, त्या चहा पाजणाऱ्या पोरांसमोर, ओरडून सांगणार होते का?

सामना हरले. मी जोडीदाराला घरी पोचवलं आणि काकांची वाट बघत दारात उभी राहिले. ते आले तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती. भाचा बरोबर नव्हता.

झालं होतं ते असं. त्या दिवशी कोचनी किल्ली अगदी शेवटच्या क्षणी बदलली होती आणि मुद्दाम फक्त काकांना आणि कप्तानाला आधी सांगितली होती. बाकीच्यांना मैदानात उतरताना. तरीही फुटली. सामना संपल्यावर साहित्याच्या खोलीत, बॅटी आणि जाळ्यांच्या ढिगाऱ्यात, सगळ्या संघाला उभं करून कोचनी सरळ हिशेब मांडला. फोडणारा एक तर कप्तान, नाही तर खुणेकाका. कप्तान स्वतः पळताना बाद झालाय, तो कशाला फोडील? मग ते भाच्याकडे वळले आणि म्हणाले, "ते तुझे मामा आहेत. तू त्यांना माझ्यापेक्षा ओळखतोस. तू म्हणालास की ते असं करणार नाहीत, तर मी विषय सोडतो."

काका मला हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सांगत होते. इथे ते थांबले. हात मांडीवर उताणे पडले होते.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"म्हणाला, माझं काही म्हणणं नाही, सर."

ज्यांच्या सुजलेल्या घोट्यांना काकांनी बर्फ लावला, ज्यांच्या आईबापांना त्यांनी आपल्या शेजारी बसवून खेळ समजावला, ते सगळे जाळ्यांकडे बघत राहिले. कोच तसे सभ्यपणे म्हणाले, की मैदानाचं काम चालू राहू द्या, शेवटच्या सामन्याला तिसऱ्या बेसवर मी उभा राहीन. काकांनी टोपी काढून खिळ्याला अडकवली.

मग मी पाहिलं ते सगळं सांगितलं. खुर्ची, चहा, वाचन. काका ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत गेलं. मला वाटलं, चिडतील. ते हसले. अगदी थोडं.

"जेवणाच्या सुट्टीतली सवय," ते म्हणाले. "मी हात करायचे, त्याने वाचायचं."

मी म्हटलं, झालं तर मग, आत्ता भाचा आला की त्याला सांगा, तो कोचना सांगेल, मी साक्षीला येते. काका मान हलवत राहिले. जोडीदाराला हे कळलं तर तो पुन्हा खिडकीत यायचा नाही, हे त्यांनी मला समजावलं. त्याचं बोलणं म्हणजे काकांचे हात, दुसरं कुणी त्याच्याशी बोलतच नाही. आपल्यामुळे पोरं हरली, आपल्या पोराचा संघ बुडाला, हे कळल्यावर तो दार लावून बसेल आणि आतच संपेल. मला ते पटलं. पण भाच्याला एकट्याला तर सांगता येईल, मी म्हटलं. तो कशाला बाहेर बोलेल?

काका स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "बाई, घरच्या माणसाला साक्षीदार आणून दाखवायचा का?"

मी खांद्यावरच्या मफलरची घडी घातली.

त्या संध्याकाळी समोरच्या खिडकीत जोडीदार हात करून करून थकला. काकांनी पडदा ओढून घेतला होता. भाचा आला, जेवला, झोपला. भिंतीपलीकडून मला फक्त ताटं ठेवल्याचा आवाज आला.

आता शेवटचा सामना राहिला. तो जिंकला तर संघ आपल्या गटात टिकणार, हरला तर खाली घसरणार. मी विचार करत बसले आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेले. ते सिंकपाशी चुन्याने फाटलेल्या बोटांना तेल चोळत होते. मी म्हटलं, कोचना नव्या खुणा शिकवायला वेळच नाही. ते तुमच्याच खुणा करणार, वेड्यावाकड्या का होईना. जोडीदार नेहमीसारखा जाऊन बसणार, वाचणार, आणि संघ हरणार. तिसऱ्या बेसवर कोच असताना, तुम्ही घरी असताना, तरीही फुटलं म्हटल्यावर तुमच्यावरचा आळ आपोआप धुऊन निघतो. तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही. फक्त घरी बसायचं.

माझा मलाच अभिमान वाटला होता. आयुष्यभर कटकारस्थानांची नाटकं केली, त्याचा काहीतरी उपयोग.

काका बोटं चोळत राहिले. "आणि पोरं?"

"त्या पोरांनी तुमच्यासाठी काय केलं?"

"ते झालंच की," काका म्हणाले. "पण रेघा मी मारलेल्या आहेत."

सामन्याच्या दुपारी त्यांनी स्वतः जाऊन जोडीदाराला त्याच्या घरातून उतरवलं. आपलेही गुडघे धरलेत, आज तिसऱ्या बेसवर उभं राहणं जमायचं नाही, कोच उभे राहतील, असं त्याला हातांनी सांगितलं. मीही बरोबर गेले. काकांनी आम्हाला नेलं ते मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, धावफलकाच्या मागे, गवताच्या उंचवट्यावर. तिथून खेळाडू मुंगीएवढे दिसत. जोडीदार सामनाभर कुरकुरत होता. "इथून काय दिसणार, कप्पाळ? ते पोरगं माझी खुर्ची धरून वाट बघत असेल." आणि खरंच, लांबवर पाहुण्यांच्या बाकाजवळ एक जण कागदी पेला हातात घेऊन चोहीकडे मान वळवत होता.

कोचचे हात मला त्या अंतरावरूनही बघवेनात. नवशिक्या नटाचे हात. पण आमची पोरं ते ओळखत होती, आणि समोरचे आज आंधळे होते. आमचा गडी पळाला, आणि पोचला. दुसरा पळाला, तोही पोचला. चेंडू ढकलला गेला आणि समोरचे जागच्या जागी बघत राहिले. शेवटी भाचा दुसऱ्या बेसवर होता. कोचनी कोपरावरून बोटं झटकली. पळ. तो निघाला, धुळीत आडवा घसरला, आणि काकांच्या त्या तिसऱ्या बेसवर हात ठेवून उठला. पुढच्याच टोल्यावर तो घरी आला आणि सामना जिंकला. काका उभे राहिले होते. टाळ्या वाजवत नव्हते, नुसते उभे होते. जोडीदार बसल्या जागी दोन्ही मुठी एकमेकींभोवती गरागरा फिरवत होता. कापडाचा तागा पुरा झाला, की गिरणीत ही खूण करत. त्यांच्याकडे आनंदाला तेवढीच एक खूण होती.

परत जाताना वाट मैदानाच्या कडेने होती. कोच पोरांच्या घोळक्यात उभे होते. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि आवाज खाली आणून घोळक्याला काहीतरी सांगितलं. काकांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं. पण काका गिरणीत ओठही वाचायला शिकले होते, हे कोचच्या गावीही नव्हतं; जोडीदार तर गुडघे सांभाळत खाली बघून चालला होता. काकांनी मला नंतर सांगितलं, ते म्हणाले होते, "बघितलंत? माणूस बाजूला केला आणि गळती थांबली."

भाचा घोळक्यात होता. त्याने मान डोलावली.

त्या संध्याकाळी मी जोडीदाराचा मफलर काकांच्या हाती परत द्यायचा म्हणून त्यांच्याकडे गेले. खरं म्हणजे मला त्यांना एकटं सोडवत नव्हतं. दार उघडंच होतं. भाचा कपड्यांची बॅग भरत होता. हॉस्टेलमध्ये जागा मिळाली आहे, संघाबरोबर राहिलेलं बरं, असं त्याने सांगितलं. काका खिडकीशी उभे होते. भाच्याने बॅगेची चेन ओढली, आणि मामाकडे न बघता, पण मृदू आवाजात, अगदी मनापासून बोलला.

"तुम्ही असं का केलंत, ते मी विचारणार नाही, मामा. काहीतरी अडचण असेल तुमची. मी कुठे बोलणार नाही. मी तुम्हाला माफ केलंय."

लहानपणापासून मामाला तू म्हणणारा मुलगा होता तो.

काका म्हणाले, "जेवून जा."

"संघाचं जेवण आहे," तो म्हणाला, आणि बुटांच्या नाड्या बांधून जिना उतरला.

समोरच्या खिडकीत जोडीदार अजून मुठी फिरवत होता. तागा पुरा झाला, तागा पुरा झाला. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि सावकाश दोन्ही हात वर केले. दोन तर्जन्या जुळवल्या आणि दूर केल्या. एवढं मलाही येत होतं. धागा तुटला. जोडीदाराने हवेत चटकन गाठ मारून दाखवली. बांध की मग. काकांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली, चिमटीत काहीच नसावं तशी, आणि तळवा पालथा केला.

मला ही खूण येत नव्हती. पण मला ती कळायला वेळ लागला नाही, कारण मला खिडकीशी आलेली बघून जोडीदार ती वाचायला लागला, आणि रस्त्यापलीकडून, बस आणि ट्रकच्या डोक्यावरून, तो खणखणीत, निरागस आवाज आला.

"टोक सापडत नाही म्हणतोय. धागा तुटला आणि टोक सापडत नाही."

मी खिडकीतून खाली पाहिलं. भाचा बसथांब्यावर पोचला होता. तो आवाज ऐकून जागच्या जागी थांबला. त्याने आधी समोरच्या खिडकीकडे मान वर केली, वाचणाऱ्या जोडीदाराकडे. मग आमच्या खिडकीकडे, मामाच्या हातांकडे. मग पुन्हा समोर. हात इथे, आवाज तिथे. मी आयुष्यभर माणसांचे चेहरे पडताना बघितले आहेत, आणि मी शपथेवर सांगते, त्याला त्या क्षणी सगळं कळलं. त्याच्या खांद्यावरची बॅग घसरून हातात आली. तो आता रस्ता ओलांडून परत येईल, जिन्यावर त्याची पावलं वाजतील, असं मला वाटलं.

बस आली. तो तिच्यात चढला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "काय ओरडत होता हा?"

"तुमचं बोलणं वाचत होता."

"मोठ्याने?"

मी मान डोलावली. काका खिडकीतून वाकले आणि रिकाम्या थांब्याकडे बघत राहिले.

"मग त्याने ऐकलं असेल," ते म्हणाले.

"ऐकलं."

तो अजूनही येतो, कधीमधी. फळं आणतो, डॉक्टरकडे नेऊ का विचारतो, तुम्ही म्हणतो. त्या संध्याकाळबद्दल त्याने कधी शब्द काढला नाही आणि काकांनी त्याला विचारलं नाही.

त्या दिवशी काकांनी समोरच्या जोडीदाराला गिरणीतली पाळी संपल्याची खूण केली, उद्या भेटू म्हणून. तो हात हलवून आत गेला. मग काकांनी खिडकी लावून घेतली आणि दोघांसाठी मांडलेल्या ताटांतलं एक उचलून फळीवर ठेवलं.